जवस आणि फल्ली (शेंगदाणा) तेलाच्या तपासणी अहवालाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

"सरकारी तपासणीत यांचं फल्लीचं आणि जवसाचं तेल नापास झालं, लाकडी घाण्याच्या नावावर भेसळ विकतात, वरून भावही जास्त," असं लिहून तुम्ही एक स्टार दिला. नापास ठरवलं, हे खरं आहे. पण त्या अहवालातले आकडे चुकीच्या नावापुढे पडले आहेत.

सक्करदऱ्याच्या आमच्या दुकानातून दोन्ही तेलांचे नमुने एकाच दिवशी नेले. तेल किती आयोडीन शोषतं, तो आकडा म्हणजे आयोडीन व्हॅल्यू; त्यावरून तेल ओळखता येतं. कायद्याप्रमाणे फल्ली तेलाची ही व्हॅल्यू 85 ते 99 पाहिजे, जवसाची किमान 170. अहवालात फल्लीपुढे 181 आहे आणि जवसापुढे 92. नावांची अदलाबदल करून वाचा, दोन्ही तेलं पास होतात.

भेसळ करणारा स्वस्त तेल टाकतो. पामची व्हॅल्यू 50 च्या आसपास, सोयाबीनची 120 ते 141. यातलं काहीही फल्लीत कितीही ओता, 181 येणारच नाही. खाण्याच्या तेलांत एवढा आकडा जवसासारख्या तेलाचाच येतो. एवढा मोठा आकडा असलेलं तेल हवेत सुकतं. घरी पाहायचं असेल तर स्टीलच्या ताटलीवर जवस तेलाचा थेंब बोटाने पातळ पसरवा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. काही दिवसांत ते चिकट होऊन त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. फल्लीचं तेल तेलकटच राहतं. पेंटर लोक रंगात जवसाचं तेल घालतात ते याच गुणामुळे.

अन्नसुरक्षा कायदा 2006 प्रमाणे नमुन्याचे चार भाग करतात आणि अहवालाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं. आम्ही ते केलं आहे. राखीव भाग रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या प्रयोगशाळेत तपासा, एवढीच मागणी आहे.

भावाचं म्हणाल तर लाकडी घाण्यात उतारा कमी पडतो, बरंच तेल ढेपेत राहतं. त्यामुळे भाव जास्त आहे.

अहवालात "सबस्टँडर्ड", म्हणजे ठरलेल्या दर्जात न बसणारं, असं लिहिलं आहे. "भेसळ" हा शब्द त्यात कुठेच नाही, तो तुमचा आहे. लहान लेकरांच्या मालिशीसाठी लोक आमच्याकडून तेल नेतात. त्या आईने हा शब्द वाचला तर तिला काय वाटेल, याने आमच्या घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. दोन्ही अहवालांच्या प्रती काउंटरवर ठेवल्या आहेत, येऊन स्वतः वाचा. आकडे पटले तर बाकी रिव्ह्यू राहू द्या, तो एक शब्द तेवढा काढा.