म्हणे फी वसूल झाली!

डोकं फिरलंय म्हणून लांबलचक लिहितेय. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

संध्याकाळी खाली पोरांचं क्रिकेट चालू होतं. आऊट की नॉट आऊट यावरून जुंपली आणि सी विंगमधल्या मुलाने, जो कराटेत ब्राऊन बेल्ट (म्हणजे ब्लॅकच्या जरा खाली) आहे, चौथीतल्या एका पोराच्या पोटात सरळ किक घातली. ते बिचारं पोट धरून खालीच बसलं. यावर ब्राऊन बेल्टचे तीर्थरूप बाकावरून हसत काय म्हणाले? "चला, फी वसूल झाली!"

पोराचं सोडा, वयच तसं आहे. ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी साताऱ्याला शाळेत असताना कराटे शिकले. सर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, हाताला कायम ग्रीसचा वास. हॉल आम्हीच झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, वाकून नमस्कार करायचा, मग सुरुवात. 'हियान शोदान' हा एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, महिनोन्महिने. आमच्यातल्या सगळ्यात तयार मुलाने एकदा स्टँडवर कुणाला तरी बदडलं. सरांच्या कानावर गेलं. ते ओरडले नाहीत. "पट्टा सोड," एवढंच म्हणाले. त्याची बोटं थरथरत होती, गाठ काही सुटेना. सर तसेच उभे. शेवटी सुटली, तेव्हा त्याच्या हातात पांढरा पट्टा दिला आणि रांगेच्या टोकाला, नव्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या शेजारी उभं केलं.

हे सरांच्या मनाचं नव्हतं. गिचिन फुनाकोशी हे जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर, जन्म 1868 चा. 1922 मध्ये ते कराटे घेऊन टोकियोला गेले. शिष्यांना त्यांनी वीस नियम घालून दिले. पहिला नमस्काराचा, दुसरा हा की कराटेत पहिला वार नाही. हियान शोदानची पहिली हालचालच बघा ना, डावीकडे वळून खालचा ब्लॉक. आधी अडवायचं. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलेल्या पोराने हा काता शेकडो वेळा केला असेल की! मग शिकवणाऱ्याने नक्की काय शिकवलं?

आणि ती क्लासवाल्यांची लाडकी गोष्ट, गरीब शेतकऱ्यांनी सामुराईंना लोळवायला कराटे शोधलं म्हणे. 1609 मध्ये जपानमधल्या सात्सुमा संस्थानाच्या सामुराईंनी ओकिनावाचं र्‍युक्यू राज्य जिंकलं, शस्त्रांवर बंधनं आली, हे खरं. पण फुनाकोशींच्या आधीच्या पिढ्या बघा. मात्सुमुरा सोकोन राजाचे अंगरक्षक, त्यांचे शिष्य अंको इतोसू दरबारात लेखनिक. ही शुरीच्या, म्हणजे र्‍युक्यूच्या राजधानीतल्या दरबारातली माणसं. बेटावरची जुनी हाताची विद्या आणि चीनमधून, विशेषतः फुजियानकडून आलेलं युद्धतंत्र, यातून हे घडत गेलं. फुनाकोशी आपल्या गुरूंच्या, आझातोंच्या घरी रात्री जाऊन गुपचूप शिकायचे आणि एकेक काता वर्षानुवर्षं घोटायचे. पण फ्लेक्सवर लोळवणं खपतं, घोटणं कोण घेणार?

हो, ओकिनावात सगळेच संत नव्हते, मान्य. तिथलेच कराटेवाले मोतोबू चोकी तर हात आजमावायला नाहा शहराच्या त्सुजी भागात मुद्दाम मारामाऱ्या करायचे. इतोसूंनीही 1908 च्या पत्रात ही विद्या पुढे सैन्याला उपयोगी पडेल असं लिहून ठेवलंय. बरं, मग? म्हणून चौथीतल्या पोराच्या पोटात लाथ?

आणि तो पट्टा, ज्याचा एवढा तोरा! तो मुळात ओकिनावाचा नाहीच. ज्युडोवाल्या जिगोरो कानोंची पद्धत बघून फुनाकोशींनी घेतला आणि 1924 मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले. आता दर रंगाची परीक्षा वेगळी, फी वेगळी, सर्टिफिकेट लॅमिनेट करून. आमच्या सरांनी चालू क्लासमध्ये पट्टा सोडवला. आज असं केलं तर पालकांच्या ग्रुपवर सरांचीच हजेरी घेतील.

टोकियो ऑलिंपिकमधली कराटेची फायनल आठवतेय? सौदीचा हमेदी 4-1 ने पुढे होता, डोक्यात अशी किक बसली की इराणचा गंजजादेह बेशुद्ध. ताबा न ठेवता मारल्याबद्दल हमेदी अपात्र ठरला, सुवर्ण बेशुद्ध पडलेल्याला. हमेदी रडला तेव्हा मलाही वाईट वाटलं, पण नियम पटला.

चहा घेऊन आले, जरा शांत झालेय. फुनाकोशींच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मला फार आवडतो. युद्धानंतरचं टोकियो, म्हातारा ऐंशीच्या घरात. रस्त्यात एक लुटारू अंगावर आला. यांनी खाली वाकून त्याचं नको ते धरलं आणि पोलिस येईपर्यंत सोडलं नाही. आपण असतो तर जन्मभर सांगत फिरलो असतो. ते मात्र लिहितात की शिष्यांना जे करू नका म्हणून सांगत आलो तेच मी केलं, याचा अभिमान वाटला नाही. चोर अंगावर आलेला असताना हं! आणि आमचे बाकावरचे गृहस्थ फी वसूल करतायत.

"मग आपल्या पोरांनी मार खायचा का?" असं कमेंटमध्ये येणारच. नाही खायचा. अडवायचा. सुटायचं आणि घरी यायचं. तेवढ्यासाठीच पाठवतो ना?

बहिणीच्या मुलीला क्लासला घालायचंय. ठाणे-मुलुंड भागात काता नीट घोटून घेणारे, हॉल पुसायला लावणारे कुणी सर किंवा मॅडम माहीत असतील तर इनबॉक्स करा. ट्रॉफ्यांचं कपाट नसलं तरी चालेल.