स्पर्धकांची नुसती यादी पुरेशी नाही

नव्या विषयावर संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी गूगलच्या पहिल्या दहा निकालांतील स्पर्धकांची यादी करावी, हा एका लेखात वाचलेला सल्ला योग्य असला तरी तो अर्ध्यावरच थांबतो. स्पर्धक आज कसा दिसतो यापेक्षा तो इथवर कसा पोहोचला हे पाहणे अधिक उपयोगाचे असते आणि त्यासाठी संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारे, २००१ पासून सर्वांना खुले असलेले ‘वेबॅक मशीन’ विनामूल्य उपलब्ध आहे. मी एका स्पर्धकाच्या जुन्या नोंदी त्यात चाळल्या, तेव्हा असे दिसले की सुरुवातीचे त्याचे लांबलचक लेख पुढे एकेक करून काढून टाकले गेले आणि त्यांच्या जागी तुलनेचे तक्ते व एक साधा कॅल्क्युलेटर आला; म्हणजे जे लेख लिहायला मी बसणार होतो, ते त्याने आधीच लिहून मोडीत काढले होते. त्याचा साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी, उघडल्यावर कोणत्या विभागात पाने वाढत आहेत, हेही कळले.

वाचकसंख्येचा अंदाज सांगणाऱ्या साधनांवर मात्र फार विसंबू नये, कारण लहान संकेतस्थळांच्या बाबतीत ते आकडे बरेच चुकतात. एखाद्या विषयाच्या शोधांचा कल दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवरील ० ते १०० ही मोजपट्टीसुद्धा सापेक्ष असते, ती शोधांची प्रत्यक्ष संख्या नव्हे. आणि एकही स्पर्धक सापडला नाही, तर आनंद मानण्याआधी त्या विषयाला मुळात मागणी आहे का, हे तपासावे.