काकांचे अठरा वॅट

गाणं चालू असताना माझी पिन काढली. माझी म्हणजे माझ्या अँपची, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याची. गेल्या शनिवारी, म्हात्रे पुलाजवळ डी. पी. रोडवर लॉन्सची जी रांग आहे त्यातल्या एका लॉनवर, कुणाच्या तरी लग्नाच्या संगीताच्या कार्यक्रमात, ऐन दुसऱ्या कडव्याला. अँपवरचा लाल दिवा विझला आणि माझा आवाज गेला. पुढची दोन गाणी मी बिनआवाजाचा होतो, आणि समोर बसलेल्या तीन-चारशे माणसांपैकी एकाचीही भुवई हलली नाही. पिन काढल्याचा राग एव्हाना उतरलाय. भुवईचा अजून आहे.

मी बेस गिटार वाजवतो. स्टेजवर मागच्या बाजूला, ऑक्टोपॅडवर, म्हणजे विजेवरच्या ड्रमवर, ठोका देणाऱ्याच्या शेजारी, ज्याच्यावर लाइट पडत नाही आणि जो तरीही मान हलवत असतो, तो मी. आमचा बँड दुसऱ्यांची गाणी वाजवतो. सत्तरच्या दशकातली हिंदी, मध्ये चवीपुरती मराठी भावगीतं, आणि शेवटी एक लावणी नि एक कोळीगीत, कारण ती झाल्याशिवाय पाकीट हातात पडत नाही.

आवाज गेल्यावर आधी वायर हलवून पाहिली. मग गिटारच्या पाठीतल्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा संशय आला. ही बॅटरी घरात दुसऱ्या कशालाच लागत नाही, त्यामुळे ती कधी संपते ते कळत नाही आणि संपली की जवळच्या दुकानात नसते. पण अँपचाच दिवा गेला होता. अँपच्या मागून निघालेली वायर सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते, म्हणजे अँप मेला की मी मोठ्या स्पीकरमधूनही मेलो. ऑक्टोपॅडवाल्याला मी डोळे मोठे केले, त्यानं अंगठा वर केला. कीबोर्डवाल्याचा डावा हात काही न सांगता खालच्या सप्तकात सरकला. साउंडवाल्याला बोटं फिरवून खूण केली, तिचा अर्थ त्यानं ‘बेस कमी कर’ असा लावला आणि आधीच मेलेल्या माणसाचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती खुंटी, आणखी खाली घेतला. आमचे दादा, म्हणजे मुख्य गायक आणि बँडचे मालक, मागे वळले आणि तर्जनी नि अंगठा जुळवून म्हणाले, “आज काय स्वच्छ लागलाय आवाज!”

मग मी गिटार गळ्यात तशीच ठेवून पिनच्या वायरमागे निघालो. झेंडूच्या माळांच्या पडद्यामागे, जनरेटरच्या वासात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक काका बसले होते. जाकीट, कपाळाला अक्षता, मांडीवर फोन. फोनची वायर आमच्या एक्स्टेन्शनमध्ये. माझी तीन पायांची काळी पिन त्यांच्या बुटाशेजारी, गवतावर.

“काका, ही पिन तुम्ही काढलीत?”

“हो.”

पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबलो. काही आलं नाही. उलट त्यांनीच चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही इकडे कसे? तिकडे गाणं चालू आहे ना तुमचं?”

“चालू आहे.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नसतं. पुण्यात बरेच वाद या शब्दाशी संपतात. तरी मी म्हटलं, “काका, माझा आवाज बंद झालाय.”

“कुठे बंद झालाय? मी इथे बसून ऐकतोय की.”

“ते बाकीचे वाजवतायत.”

“हां, तेच म्हणतो मी.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आता विषय त्यांच्या आवडीच्या गावात शिरला होता. “हे बघा, मी उगाच कुणाचं काही काढत नाही. एका सरकारी खात्यात आयुष्य काढलंय, सगळं विजेच्याच कामात. इथे सॉकेट तीन. पहिल्यातली पिन किंचित सैल केली, तर पेटी, म्हणजे तो कीबोर्ड, बंद पडली. लगेच लावली. दुसरी सैल केली, तर तो ताटल्यांचा ठोका गेला. तीही लावली. तिसरी तुमची. ती पूर्ण काढून, हातात धरून, शांतपणे उभा राहिलो. काहीही झालं नाही. म्हणजे ही स्पेअर.”

पद्धत निर्दोष होती, ही अडचण. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय करतात? मी म्हटलं, “स्पेअर नाही ती. बेस गिटार आहे.”

“सेकंड गिटार ना? मग फर्स्टवाला आहे की समोर.” फर्स्टवाला म्हणजे आमचा लीड गिटारवाला. त्याच्यावर तेव्हा लाइट होता. त्याच्यावर नेहमीच असतो.

“काका, बेसचं काम वेगळं असतं. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते. ते कानाला कमी आणि छातीला जास्त कळतं.”

“मला छातीला काही कळायला नको. डॉक्टरांनी सांगितलंय.” मग ते वाकले, अँपच्या पाठीवरच्या पट्टीसाठी फोनचा टॉर्च मारला (त्याला चार्ज होता!) आणि मोठ्यानं वाचलं, “पाचशे वॅट. माझा चार्जर अठरा वॅट. एका एक्स्टेन्शनवर एक पाचशेवाला, जो ऐकू येत नाही, आणि एक अठरावाला, ज्याचा उपयोग आहे. तुम्हीच सांगा, उठायचं कुणी?”

माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. ते मी असल्याच प्रसंगासाठी जपून ठेवलंय. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका खऱ्याखुऱ्या मैफलीत प्रयोग झाला होता. कानाला कळणारही नाही इतका खोल आवाज मधूनमधून चालू-बंद करत राहिले आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्याला पट्ट्या बांधून त्यांचं हलणं मोजलं. आवाज चालू असायचा तेव्हा लोक ११.८ टक्के जास्त हलायचे. २०२२ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. हे सगळं मी पडद्यामागे, गळ्यात गिटार, बाहेर दुसरं गाणं सुरू झालेलं असताना, जाकिटातल्या एका माणसाला सांगितलं.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. “अकरा पॉइंट आठ,” ते म्हणाले. मग फोनकडे पाहिलं. “माझा फोन अकरावर आहे. पॉइंट आठ तुम्ही ठेवा.”

फोन कशासाठी हवा होता, तर सव्वानऊला नातीचा नाच होता आणि तो शूट करायचा होता. तो नाच आमच्यावर नव्हताच. घरच्यांचे नाच हल्ली पेन ड्राइव्हवर होतात. तेवढा वेळ आम्ही जिवंत माणसं वाद्यं मांडीवर घेऊन मागे बसतो आणि पेन ड्राइव्हला टाळ्या मिळताना बघतो. त्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र बेस असतो हो, छाती दडपेल एवढा! तो कुणी काढत नाही.

बेसवाल्याची पिन काढायचा उद्योग तसा जुना आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या रोलँड कंपनीनं टीबी-३०३ नावाची, विजेवर बेसचे सूर काढणारी एक चंदेरी डबी काढली. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेसवाला ठेवावा लागू नये, एवढाच तिचा उद्देश. ती बेससारखी अजिबात वाजेना. १९८४ साली कंपनीनं ती बंद केली, सेकंडहँड बाजारात मातीमोल झाली, आणि मग शिकागोतल्या पोरांनी ती स्वस्तात उचलून, तिची बटणं वाट्टेल तशी पिळून, नाचायच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा केला. त्याच्याही आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी तिला साथीला घेऊन राग वाजवले, खाली डिस्कोचा ठोका ठेवला आणि रेकॉर्ड काढली होती. खपली नाही. पुढे अडीच-तीन दशकांनी परदेशातल्या लोकांनी ती शोधून डोक्यावर घेतली. आता हे चरणजित सिंग मूळचे कोण? हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे, बेस गिटारसुद्धा. म्हणजे आमची भाकरी पळवायला निघालेल्या यंत्रातून काही निघालं तर ते आमच्यातल्याच एकानं काढलं. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बेसवर टोनी वाझ असायचे. ती गाणी आज लग्नालग्नांतून वाजतात, पण त्यांचं नाव शंभरात एकाला विचारून पाहा. गायक आठवतो, नायिका आठवते, तिच्या साडीचा रंगसुद्धा आठवतो.

असो. काकांना आता माझ्यात रस वाटू लागला होता. फोन चौदावर आला होता, वेळ होता.

“किती मिळतात याचे?”

सांगितले.

“महिन्याचे?”

“कार्यक्रमाचे.”

“बरे आहेत की,” असं म्हणून त्यांनी मनातल्या मनात चार तासांनी भागलं असावं. हा भागाकार सगळेच करतात आणि सगळेच चुकवतात. चार वाजता सामान लावायला या म्हणतात. पाहुणे सात-साडेसातला येतात. सव्वाआठला सुरू झालं तर नशीब, आणि दहाच्या ठोक्याला नियमानं स्पीकर बंद, कारण दहानंतर उघड्यावर वाजवलं तर पोलीस येतात. मग सगळे पाहुणे जेवून झाल्यावर, जिलबी संपलेल्या ताटात आम्ही. त्यानंतर सामान. फर्स्टवाला गिटार पाठीला लावून बाइकवर पसार होतो, गायिका तर दहा वाजून एक मिनिटाला रिक्षात असते. माझा अँप पंचवीस किलोच्या आसपास आहे. तो उचलताना मदतीला येणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शिवाय तारा. चार तारांचा बऱ्यापैकी सेट दोन-अडीच हजारांच्या घरात जातो, त्यामुळे दर महिन्याला नव्या घालणारा बेसवाला एकतर श्रीमंत घरातला असतो किंवा एकट्याच्या घरातला. बाकीचे आम्ही जुन्या तारा उकळतो. खरंच उकळतो. वेटोळ्यात साचलेला घाम नि मळ पाण्यात सुटतो आणि आठवडाभर तारा नव्यासारख्या खणखणतात. आमच्या घरी यासाठी आमटीचं पातेलं योग्य आकाराचं आहे. आईनं एकदा झाकण उघडून आत पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाली, “किती शिट्ट्या देऊ?” त्या दिवसापासून पातेलं कपाटात कुलपाखाली आहे आणि मी चहाच्या भांड्यात दोन-दोन तारा करून भागवतो.

यातलं काकांना मी काही सांगितलं नाही. तोवर दुसरं गाणं संपून टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

“बघा,” काका म्हणाले. “आता तुम्हाला पुराव्यानिशीच दाखवतो. या.” त्यांनी फोन उघडला. “हे तुमचं सुरुवातीचं गाणं. मी पुढे बसून घेतलंय. तेव्हा तुमची पिन होती?”

“होती.”

“ऐका.”

ऐकलं. गायिका, ठोका, पेटी, फर्स्टवाला. मी नव्हतो.

“आणि हे आत्ताचं, पिन काढल्यानंतरचं. ऐका.”

गायिका, ठोका, पेटी, फर्स्टवाला. मी नव्हतो.

“फरक?”

“काका, फोनचा स्पीकर नखाएवढा. त्याच्यातून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाहीत. हेडफोन लावा, मग कळेल.”

“हेडफोन कोण लावतं? हा व्हिडिओ आज रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर जाणार. एकशे बारा माणसं आहेत. सगळी अशीच फोन कानाशी धरून ऐकणार.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. “त्या सगळ्यांच्या दृष्टीनं तुम्ही आजही वाजवलं नाहीत आणि याआधीही कधी वाजवलेलं नाही. मग कशाला जिवाला त्रास करून घेता?”

मी माझी पिन उचलली, त्यांचा चार्जर काढला, माझी पिन लावली. फोन सतरावर होता. काका काही बोलले नाहीत, फक्त “नातीचा नाच आहे हो” एवढंच म्हणाले, आणि ते असं म्हणाले की तिथून जाणाऱ्या केटरिंगच्या मुलानं माझ्याकडे खुनशी नजरेनं पाहिलं. शेवटी साउंडवाल्याच्या पेटीतून मीच एक जास्तीचं एक्स्टेन्शन काढून आणलं आणि काकांना खुर्चीवर चार्जर लावून दिला. ते असणारच होतं त्याच्याकडे. आधी मागितलं तेव्हा ‘नाही’ म्हणाला होता.

तिसऱ्या गाण्याला मी परत आलो. गायिकेला स्केल काळी चारची लागते. कीबोर्डवाल्याला ती पट्टी समोर दिसते, मला डोक्यात भाषांतर करून गिटारच्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर बोट ठेवावं लागतं. ठेवलं. अँप घुमला, पायाखालची फळी थरथरली, खोलवर कुठेतरी बरं वाटलं. दादा चमकून मागे वळले आणि तळहात खाली दाबत खूण केली: कमी कर.

सोमवारी त्यांचा फोन आला. काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. म्हणाले, “अरे, त्या मधल्या दोन गाण्यांचा बॅलन्स फार छान आलाय. कसं केलंस?”

मी म्हटलं, “दादा, त्यात मी नाहीये.”

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “हं. म्हणजे असं की, पुढच्या शनिवारी चिंचवडला आहे आपलं. पार्टी जरा बजेटवाली आहे. बेस कीबोर्डच्या डाव्या हातावर घेऊ म्हणतो.”

“ठीक आहे.”

“पण तू ये. यायलाच पाहिजे तुला.”

“मी कशाला?”

“अरे, ते मोठे स्पीकर दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसतच नाहीत.”

माझ्याकडे ओम्नी आहे. कंपनीनं २०१९ सालीच बनवायची बंद केली, पण मागची सीट काढली की आत अख्खा बँड मावतो. दादा पेट्रोलचे देऊ म्हणाले. मी म्हटलं, पेट्रोलचे वेगळे, ड्रायव्हरचे वेगळे आणि हमालीचे वेगळे. बेरीज करून पाहिली तर ती बेसच्या पाकिटापेक्षा चारशे रुपयांनी जास्त भरली, आणि दादांनी ती एका शब्दानंही घासाघीस न करता मान्य केली.

वर म्हणाले, “चार वाजता पोच. आणि येताना एक जास्तीचं एक्स्टेन्शन आण.”