कनाउंग जगला असता तर?

एक दावा हल्ली सर्रास फिरतो: ब्रह्मदेशचा राजा मिंडोन याचा भाऊ आणि सुधारणांचा पुरस्कर्ता युवराज कनाउंग जगला असता तर ब्रह्मदेश दुसरा जपान झाला असता; इंग्रजांनी त्याचा काटा काढला आणि सुधारणा तिथेच थांबल्या.

काटा इंग्रजांनी काढला? ऑगस्ट १८६६ मध्ये मंडालेत त्याला मारलं ते राजा मिंडोनच्याच दोन मुलांनी, मिंगून आणि मिंगोंडाइंग यांनी. मिंडोनने मुलांना डावलून भावाला, म्हणजे कनाउंगला, वारस नेमलं होतं. भाऊबंदकीला तेवढं पुरे. मिंगून पुढे इंग्रजी मुलखात पळाला, यावरून कटाचं सूत जुळवतात. नदीने खाली पळायचं तर दुसरा मुलूख होता कुठे?

सुधारणा थांबल्या? मंडालेची तारयंत्रं आणि १८७२ची लंडनला गेलेली वकिलात, दोन्ही खुनानंतरची. टांकसाळ मात्र त्याच्या हयातीतली, १८६५ची. तिच्या मोराची छाप असलेल्या चांदीच्या नाण्यावर १२१४ हे बर्मी साल दिसतं, म्हणजे १८५२-५३. ते मिंडोनच्या राज्यारोहणाचं. नाणं कधीही पाडलं तरी तेच. त्यावरून टांकसाळीचं वय काढणारे हमखास फसतात. वजन इंग्रजी रुपयाएवढं ठेवलं, म्हणून ते व्यापारात चाललं. त्याआधी चांदीचे तुकडे तोलून, कस पाहून व्यवहार व्हायचे.

गाडं अडलं ते पैशावर. गावं सरदारांना तोडून देण्याऐवजी मिंडोनने थेट घरपट्टी बसवली, थथमेडा. घरांच्या संख्येवर गावाची रक्कम ठरे, पुढे दर घरामागे सरासरी १० रुपये. गावचे वडीलधारे ऐपतीप्रमाणे ती वाटून देत. म्हणजे श्रीमंताला जास्त, गरिबाला कमी. पद्धत चांगली, पण हाती उरलेला मुलूख कोरडा. पाऊस हुकला की पट्टी थकायची, वर तांदूळ विकत आणायचा. तांदूळ पिकवणारा खालचा प्रदेश १८५२ मध्येच इंग्रजांकडे गेला होता. इंग्रजांशी झालेल्या १८६७च्या तहाने जकात ५ टक्क्यांवर आली आणि माणकं, खनिज तेल, लाकूड सोडून राजाचे बाकीचे व्यापारी मक्तेही गेले. यंत्रं यायची इंग्रजांच्या ताब्यातल्या रंगूनवरून, बंदुकांना इंग्रजांची संमती लागायची. जपानची बंदरं जपानच्या हातात होती. ही अडचण कनाउंगच्या हुशारीने कशी सुटली असती, हे कुणी सांगत नाही.

खुनाचा खरा फटका वारसाहक्काला बसला. मिंडोनने नंतर १२ वर्षं युवराजच नेमला नाही. १८७८ मध्ये तो मरणपंथाला लागला तेव्हा राणी आणि मंत्र्यांनी आपल्या मुठीत राहील असा मुलगा निवडला: थिबा, जो १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतल्यावर हद्दपार होऊन रत्नागिरीत आला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला.