पॅरिसचं पार्किंग आणि विज्याची गाडी

विषय विज्यानेच काढला. एसयूव्ही घेतल्यापासून त्याला जगभरच्या पार्किंगची चिंता. "पॅरिसला तासाला 18 युरो! ही काय मोगलाई आहे?"

"मध्यभागात 18, बाकी ठिकाणी 12," सुनंदा म्हणाली. तिची लेक तिकडे शिकते, त्यामुळे पॅरिसच्या बाबतीत ती म्हणजे कट्ट्याचं सुप्रीम कोर्ट. "तेही पेट्रोलची गाडी 1.6 टनांच्या वर असेल तर. तुझी किती भरते?"

विज्याने नकळत पोट आत घेतलं.

"गाडीचं विचारतेय ती," नंदू म्हणाला.

मग विज्याला एकदम गोरगरीब आठवले. "अरे, पण हातावर पोट असलेल्या प्लंबरने काय करायचं?" (याने आजवर एकाही प्लंबरला ठरलेले पैसे पूर्ण दिलेले नाहीत.)

"त्याला सूट आहे. टॅक्सीवाल्यांनाही आहे. तू तेवढा उरतोस."

शिऱ्या इतका वेळ दाणे सोलत होता. "आपापल्या भागात राहणाऱ्यांनाही सूट आहे ना? म्हणजे 2024 मध्ये या दरवाढीवर जनमत घेतलं, तेव्हा मतं दिली आतल्यांनी, पावती फाडायची बाहेरून येणाऱ्यांची. उद्या सोसायटीत ठराव आणतो, पाहुण्यांनी चहाचे पैसे द्यावेत का?"

"मतदानाला आले जेमतेम सहा टक्के," नंदूने भर घातली. "त्यातही होकार 54 टक्क्यांच्या आसपास."

"बघ! दुसऱ्याच्या खिशातून जायचे होते, तरी पंचेचाळीस टक्के नको म्हणाले. भली माणसं."

मला शिऱ्याचं पटलं. सुनंदाला अर्थातच नाही. "तेव्हा महापौर होत्या ईदाल्गोबाई. पॅरिसच्या महापौरांची हद्द रिंगरोडला संपते, त्या करणार काय? आणि पॅरिसमधली सेन नदी बघ की, पोहण्याजोगी करायची होती. नुसतं पॅरिस साफ करून भागलं नाही, वरच्या अंगाच्या उपनगरांतल्या घरांची सांडपाण्याची जोडणीही सुधारावी लागली. सगळे मिळून 140 कोटी युरो. ऑस्टरलित्झ स्टेशनजवळ जमिनीखाली 50,000 घनमीटरची टाकी बांधली. तिकडे पावसाचं आणि मैल्याचं गटार एकच, जोराचा पाऊस आला की सगळं नदीत. आता आधी टाकीत थांबतं."

"आणि टाकी भरली की?"

"लाल बावटा. पोहणं बंद."

"1923 पासून बंदच होतं, त्यांना सवय आहे," शिऱ्या म्हणाला. "शिराक महापौर असताना 1990 मध्ये म्हणाले होते, तीन वर्षांत सेनमध्ये पोहून दाखवतो. शेवटी 2024 मध्ये उडी मारली ईदाल्गोबाईंनी, लोकांसाठी घाट उघडले त्याच्या पुढच्या वर्षी."

"आपल्याकडेही एक शिराक आहे," नंदू विज्याकडे वळला. "हरिहरेश्वरला कोण म्हणालं होतं, त्या खडकापर्यंत पोहत जातो? आणि दिवसभर चपला राखत बसला."

"राखल्या की!"

"माझी एक गेली ना! भरून देतो म्हणाला होतास."

"देतो रे. पळून चाललोय का मी?"

"कधी?"

"तीन वर्षांत," शिऱ्या म्हणाला, आणि सुनंदाचा चहा नाकातून आला.