अर्धवट शिक्षण, पूर्ण व्याज

कोर्स सोडायचं ठरलं ना? मग सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. बँकेला कळवू नका. बँक बिचारी कामात असते. तुमच्या एज्युकेशन लोनच्या फाइलवर ‘चार वर्षं’ असं लिहिलेलं आहे आणि बहुतेक बँकांत कोर्स संपून वर साधारण एक वर्ष उलटेपर्यंत हप्ता सुरू होत नाही. तेव्हा तुम्ही गप्प बसलात की हप्ताही गप्प बसेल, हा हिशेब टपरीवर मित्राने मांडून दाखवलाच असेल. हिशेब चोख आहे. फक्त व्याज धरायचं राहिलंय. दीड लाख उचललेत, दर १० टक्के, म्हणजे रोजचे ४१ रुपये. रविवारीही ४१, गणपतीच्या सुट्टीतही ४१.

गप्प बसण्याचा आणखी एक फायदा आहे. बँकेला कळवलं असतं तर तिने पुढच्या सेमिस्टरची फी थांबवली असती. आता ती ठरल्याप्रमाणे जानेवारीत रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात जमा करून मोकळी होईल, आणि घरी चालून आलेली लक्ष्मी परत पाठवण्याइतकं कॉलेज नास्तिक नसतं. काही शाखा पुढचा हप्ता सोडण्याआधी मागच्या सेमिस्टरची मार्कशीट मागतात, काही विसरतात. तुमची शाखा विसराळू निघो. ज्या वर्गात तुम्ही पाऊल टाकणार नाही, त्या वर्गाचीही फी तुमच्या नावावर चढेल.

घरी मात्र ‘सहा लाखांचं कर्ज झालंय’ असंच सांगा. मंजूर सहा लाख झाले होते, उचललेत दीड, आणि देणं उचलल्याचंच असतं. पण दीड लाखाच्या आकड्याला काही वजन नाही. सहा म्हटलं की आईला रडताना कारण पुरतं, आणि ‘मी तेव्हाच सांगत होतो, डिप्लोमा करू दे पोराला’ हे काकांचं वाक्यही वाया जात नाही.

आता कॉलेजकडे वळू. सोडल्यावर फी परत मिळते, असं कुणीतरी तुमच्या कानावर घातलं असेल. त्याचा नाद सोडा, आणि यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना तर चुकूनही वाचू नका. त्यात सगळं नको तितकं स्पष्ट लिहिलंय. प्रवेशाची जी अधिकृत शेवटची तारीख असते, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी परत. कॉलेजने त्यातून प्रक्रियेपोटी कापायचे ते जास्तीत जास्त ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या वर नाही. तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, पुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर शून्य. अनामत रक्कम या हिशेबाबाहेर. म्हणजे फी १,२०,००० असेल तर पंधराव्या दिवशी तुमचे ९६,०००, सोळाव्या दिवशी ६०,०००, एकतिसाव्या दिवशी रामराम.

एका रात्रीत ३६,००० रुपये उडतात म्हटल्यावर अर्ज कोणत्या तारखेला दिला याला महत्त्व येणारच. कॉलेजला ते तुमच्याआधी कळलेलं असतं. म्हणून अर्ज देताना पोहोच मागायची नाही. मागितलीत तर काय होतं ते सांगतो.

आवक-जावकच्या टेबलावरच्या मॅडम अर्ज उलटापालटा करतील. ‘एचओडींची सही कुठाय?’ एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात. चार दिवसांनी सही आणलीत की ‘नो ड्यूज आणलंत का?’ म्हणजे काही थकबाकी नसल्याचा दाखला. नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, हॉस्टेल, लॅब, जिमखाना, अकाउंट्स आणि प्लेसमेंट सेल अशा सहा चौकटी असतात. ज्या पोराची पहिली परीक्षा व्हायची आहे त्याच्याकडे प्लेसमेंट सेलचं काय थकलंय, असलं काही विचारू नका, सही हवी आहे ना? जिमखान्यात तर तुम्ही उंबराही ओलांडलेला नाही. तरी कॅरमचा स्ट्रायकर तुमच्या नावावर आहे का हे रजिस्टरात बघावंच लागतं. रजिस्टर कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्या सरांकडे आहे ते भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलेत, आणि तिकडूनच पुढे शिर्डी करून येणार आहेत. शेवटी एके दिवशी सहाही चौकटी भरतात. मॅडम रबरी शिक्का उचलतात, त्याचं तारखेचं चाक अंगठ्याच्या नखाने एक घर पुढे सरकवतात, हलकेच फुंकर मारतात आणि ठसा उमटवतात. बत्तिसावा दिवस.

लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करायचे, असंही त्याच अधिसूचनेत आहे. कॉलेज ते तंतोतंत पाळतं. अर्ज मिळालाच नाही तर मोजायचं कुठून?

काही आगाऊ पोरं मन बनलं त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर दोन ओळींचा ईमेल टाकतात, त्याची प्रत बँकेच्या शाखेला लावतात आणि सही केलेला अर्ज स्पीड पोस्टाने धाडतात. पोस्टाच्या पावतीवर तारीख असते आणि पोस्टाला एचओडींची सही लागत नाही. मोठ्या माणसांवर असा अविश्वास दाखवणं आपल्या घरात बसत नाही. तुम्ही किल्लीची वाट बघा.

दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीटाही कॉलेजच्या कपाटातच सुरक्षित आहेत. मूळ कागद तपासून तिथल्या तिथे परत द्यायचे, ताब्यात ठेवायचे नाहीत, असा नियम आहेच. पण तुमच्या घरी वाळवी असू शकते, कॉलेजला काळजी वाटते. ‘उरलेल्या तीन वर्षांची फी भरा आणि कागद घेऊन जा’ असं कुणी म्हणालं तर त्यामागची माया बघा. पुढच्या वर्षांची फी मागायची नाही, असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, तांत्रिक अभ्यासक्रमांच्या संस्थांना बजावलेलं आहे. पण दिल्लीतलं बोलणं आपल्या तालुक्यापर्यंत यायला वेळ लागतो.

आता समजा, पूर्वजांची काही पुण्याई आडवी आली आणि ६०,००० चा चेक हातात पडलाच. नाव तुमचं आहे, म्हणजे पैसे तुमचे. ते मुळात बँकेने कॉलेजला दिले होते, ही बारीक गोष्ट आहे. तिच्यात शिरू नका. कर्जखात्यात भरले असते तर रोजच्या ४१ चे २५ झाले असते. पण मन खचलेलं असताना माणसाने आधी स्वतःला सावरावं, आणि सावरण्यासाठी सेकंड हँड बुलेटसारखी गोष्ट नाही. कर्जातच घेतलेला लॅपटॉपही विकून टाका, त्याच्यावर फक्त वेब सिरीज बघून झाल्या आहेत. कर्ज देताना शाखेने ‘एक सही इथे पण’ म्हणून विम्याची पॉलिसी जोडली असेल, तिचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल, तर तीही तशीच राहू द्या. पॉलिसी बंद केली तर काही परत मिळेल का, असं विचारून मॅनेजरसाहेबांचं टार्गेट बिघडवू नका.

व्याजाचं काय, म्हणाल. केंद्र सरकारची २००९-१० पासून एक योजना आहे. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असेल तर कोर्सच्या काळातलं व्याज सरकार भरतं. मात्र कोर्स मधेच सोडला की हे अनुदान नाही. अपवाद वैद्यकीय कारणाचा. शिकवायला माणूस नव्हता, जाहिरातीतली लॅब अजून पायाच्या खड्ड्यातच आहे, ब्रोशरवरची झाडं दुसऱ्याच कॉलेजची होती, ही कारणं सरकारदरबारी चालत नाहीत. कॉलेजच्या दर्जाने तुम्हाला कावीळ झाली असेल तर गोष्ट वेगळी. नुसता वैताग येऊन सोडणाऱ्याने स्वतःच्या ४१ रुपयांची स्वतः सोय करावी.

नोटिसा येऊ लागतील. पाकिटं फोडायची नाहीत, टीव्हीच्या मागे ठेवायची. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, पण तुमच्या वयाला त्याचं काय? सहकर्जदार म्हणून सही वडिलांची आहे. त्यामुळे कर्जफेडीची पत सांगणारा सिबिलचा स्कोअर, जो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, तुमच्याबरोबर त्यांचाही उतरतो. बापलेक कशात तरी एकत्र आले, हेही नसे थोडके. पावसाळ्यापूर्वी घराचे पत्रे बदलायला म्हणून ते त्याच शाखेत कर्ज मागायला गेले की मॅनेजर कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवून तुमची शैक्षणिक प्रगती दाखवतील. त्याआधी शाखेत जाऊन ‘कोर्स सुटलाय, महिन्याला इतके जमतील, हप्ता बांधून द्या’ असं दोघांनी मिळून म्हणता येतं, कागद करून घेता येतो. करू नका. वसुलीवाल्यांचे फोन बुडतील. त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे उरलेले अकरा तास कुणीतरी हक्काने तुमची विचारपूस करतं. आजकाल नातेवाईकही इतकं करत नाहीत.

आणि कर्जमाफीवर श्रद्धा ठेवा. २००८ ला केंद्राने केली, २०१७ ला आणि २०१९ ला राज्याने केली. तिन्ही शेतकऱ्यांच्या होत्या आणि शैक्षणिक कर्ज त्यांत नव्हतं, हे खरं. पण वडिलांच्या नावावर सात-बारा आहे आणि फी शेताच्याच भरवशावर भरायची ठरली होती, तेव्हा कुठेतरी बसेलच. आमदारांच्या बॅनरवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांत आपला फोटो आला की काम आणखी सोपं.

तक्रार मात्र करू नका. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लोकपाल असतो. तो कुठे बसतो हे शिपायाला माहीत नाही, म्हणजे नसेलच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट, ऑनलाइन तक्रार करता येते. फुकटच्या गोष्टीची किंमत आपल्याकडे तुम्हाला ठाऊक आहे.

एवढं सगळं नीट पार पाडलंत की बँका तुम्हाला फोन करायच्या थांबतील आणि ॲपवाले सुरू करतील. कागदपत्रं नकोत, जामीन नको. आधार द्या, सेल्फी काढा, फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट बघायची परवानगी द्या, पाच मिनिटांत पैसे. व्याजाचा दर खाली बारीक अक्षरात असतो, तो वाचून डोळ्यांना त्रास देऊ नका. फॉर्ममध्ये कर्जाचं कारण विचारतात. तिथे यादीत ‘शिक्षण’ असा पर्याय असेल, तो निवडा.