ओब्रायन शेजारी झाला, एरियमची ओळखच झाली नाही

गणपतीत लेकीशी कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर स्टार ट्रेक, अंतराळयानांवरच्या माणसांच्या त्या अमेरिकन टीव्ही मालिका. ती एकोणीस वर्षांची, मी पन्नाशीला टेकलेली. ती म्हणाली, "आई, तुम्हा जुन्या लोकांना ती नवी मालिका, डिस्कव्हरी, पहिल्या दिवसापासून नकोच होती. तुम्ही ती बघितलीच नाहीत, फक्त तुलना केलीत." मी तावातावाने म्हटलं, तसं काही नाही. मग ती झोपायला गेली आणि मी विचार करत बसले, की तसं नाही तर नेमकं कसं आहे? तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढते. काही भागांचे शेवट यात उघड होतील, आधीच सांगते. लेक फेसबुकवर नाही, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिता येतंय.

आम्ही तेव्हा साताऱ्याला होतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही, आणि दादा गच्चीवर अँटेना धरून उभा. मला इंग्रजी फारसं कळायचं नाही. दादा खाली आला की प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगायचा, त्यातला निम्मा त्याच्या मनाचा. कप्तान कर्कचा गणवेश पिवळसर, त्याच्या सहकाऱ्याचा, स्पॉकचा, निळा आणि अभियंत्यांचा लाल, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. तोवर माझ्या डोक्यात सगळे राखाडीच होते.

आम्ही जे बघत होतो ते अमेरिकेत कधीच बंद पडलेलं होतं, हेही तेव्हा माहीत नव्हतं. १९६६ ते १९६९, तीन सीझन, ७९ भाग. खरं तर दुसऱ्या सीझननंतरच गुंडाळणार होते. प्रेक्षकांनी पत्रांचा मारा करून ती वाचवली, तर वाहिनीने तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण पोरं घरात नसायचीच ती वेळ. मालिका संपली आणि मग पुनःप्रक्षेपणांतून जगभर पोचली. १९७७ मध्ये दुसरी मालिका काढायचं घाटत होतं, त्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा निवडली गेली होती. ती मालिका झालीच नाही, त्याऐवजी १९७९ चा चित्रपट झाला, आणि त्यासाठी पर्सिसने खरोखर डोकं भादरलं. दादाने तिचा फोटो मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

मग १९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' आली. आपल्याकडे नव्वदच्या सुरुवातीला स्टार प्लसवर. मी बारावीत होते. केबलची वायर शेजारच्या वाड्यातून आमच्या खिडकीत आली होती. दादाने पहिला भाग बघितला आणि उठून गेला. स्पॉक नाही, कर्क नाही, आणि कप्तान म्हणून कोण, तर टक्कल पडलेला इंग्रज नाटकवाला! अमेरिकेतही चाहत्यांनी हीच कुरकुर केली होती, हे पुढे वाचनात आलं. पहिले दोन सीझन खरंच यथातथा होते. पण मी बसून राहिले आणि त्या टकल्या कप्तानाची, पिकार्डची, झाले ती आजतागायत. दादाने ती मालिका पुढे कधीच नीट बघितली नाही. तो अजूनही म्हणतो, ते खरं स्टार ट्रेक नव्हे.

आता गंमत बघा. जी गोष्ट दादाने माझ्या मालिकेशी केली, तीच मी पुढच्या मालिकेशी केली. १९९३ ची 'डीप स्पेस नाइन'. ती यानावर घडतच नाही, एका स्थानकावर घडते. मंडळी कुठे जातच नाहीत! आणि पहिल्याच भागात एक दृश्य आहे. सिस्को नावाचा नवा नायक पिकार्डला भेटतो. पिकार्ड हात पुढे करून विचारतो, आपण आधी भेटलोय का? सिस्को सांगतो, हो, लढाईत. वुल्फ ३५९ च्या त्या लढाईत, जिथे बोर्ग नावाच्या अर्धयांत्रिक शत्रूंनी पिकार्डला पळवून आपल्यात ओढलं होतं आणि त्याच्याच तोंडून आपल्या लोकांच्या शरणागतीची मागणी केली होती, तिथे सिस्कोची बायको गेली. आपला पिकार्ड, आणि समोरचा माणूस त्याच्याकडे द्वेषाने बघतोय. मला ते सहन झालं नाही. मी मालिका सोडून दिली. तब्बल तेरा वर्षं.

लेक तीन महिन्यांची असताना आतेभावाने अमेरिकेहून डीप स्पेस नाइनच्या डीव्हीडींचे संच आणले. जगाच्या कुठल्या भागातल्या डीव्हीडी चालतील तो रिजन संगणकाच्या ड्राइव्हमध्ये पाचदाच बदलता येतो, म्हणून एकदा अमेरिकेवर टाकला तो तसाच ठेवला. रात्री दोनला बाळ मांडीवर, आवाज बंद, खाली सबटायटल्स. असे १७६ भाग बघितले. ज्या दृश्यावरून मी उठले होते, त्याच दृश्यावर आता डोळे भरून आले. कारण मी त्या वयात आले होते, जिथे कळतं की आपण ज्याला पूजतो त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी घर उद्ध्वस्त झालेलं असू शकतं, भले त्याची चूक नसेना.

आणि मला ओब्रायन भेटला.

खरं तर तो आधीच भेटला होता. नेक्स्ट जनरेशनच्या पहिल्या भागात कोल्म मीनी हा नट यानाच्या सुकाणूपाशी बसलेला दिसतो, पात्राला नावसुद्धा नाही. मग तो ट्रान्सपोर्टर खोलीत उभा राहायला लागला. बटणं दाबायची, माणसं पाठवायची. त्याचं पूर्ण नाव कळायला चौथा सीझन उजाडावा लागला. मग त्याचं लग्न झालं, बायको केको, मुलगी मॉली. मग बदली होऊन तो स्थानकावर आला. तिथे सगळं मोडकं, आणि हा दिवसभर पॅनेल उघडून आत हात घालून बसलेला. डॉक्टर बशीरशी आधी अजिबात पटायचं नाही, मग हळूहळू दोघे डार्ट्स खेळायला लागले. शेवटच्या भागात, १९९९ मध्ये, तो पृथ्वीवर परत निघतो. रिकाम्या घरातून एकदा नजर फिरवतो, आणि त्याला एक हरवलेलं छोटंसं खेळण्यातलं माणूस सापडतं. एवढंच दृश्य. ज्यांनी सरकारी क्वार्टर्स सोडली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बारा वर्षं तो आमच्या शेजारी राहत होता असं मला वाटलं, आणि एका अर्थी राहतच होता.

याच्यासमोर डिस्कव्हरीतली एरियम ठेवते. अर्धं शरीर यंत्राचं असलेली ही अधिकारी पहिल्या सीझनपासून यानाच्या पुलावर, म्हणजे जिथून यान चालवतात त्या दालनात, बसलेली दिसते. काय सुंदर दिसायची! मला सारखं वाटायचं, हिची गोष्ट काय असेल? दुसऱ्या सीझनमध्ये, २०१९ मध्ये, एका भागात ती गोष्ट सांगितली. तिचा नवरा, तो अपघात, ती दर आठवड्याला आपल्या आठवणी कशा निवडते, काय ठेवते, काय पुसते. आणि त्याच भागाच्या शेवटी ती मेली. पुढच्या भागाच्या सुरुवातीला अंत्यविधी, सगळे रडतायत, संगीत भरून आलंय. आणि मी बसलेय कोरडी. मला रडायचं होतं हो! पण जिची ओळख पस्तीस मिनिटांपूर्वी झाली, तिच्यासाठी किती रडणार?

माझं म्हणणं इथे आहे, आणि ते मला लेकीला धड सांगता आलं नव्हतं. नवी मालिका जुन्यासारखी नाही ही माझी तक्रार नाहीच. डीप स्पेस नाइनइतकी मोडतोड कुणी केली? स्टार ट्रेकचे जनक रॉडनबेरी यांचा दंडक होता की स्टारफ्लीटच्या, म्हणजे यानं चालवणाऱ्या त्या दलाच्या, माणसांत आपसांत भांडणं नकोत. तिथल्या लेखकांनी स्टारफ्लीटबाहेरची माणसं मध्यभागी आणून बसवली आणि भांडणंच भांडणं लिहिली. पुढे युद्ध आणलं, कप्तानाला खोटेपणा करायला लावला. तीच मालिका आज जुन्या चाहत्यांच्या तोंडी पहिली येते. मोडतोडीने काही बिघडत नाही. बिघडतं ते घाईने.

जुन्या मालिकांना वर्षाला सव्वीस भाग मिळायचे. त्यातले सात-आठ रटाळ, हे मी छातीठोकपणे सांगते. पण त्या रटाळ भागांतच कुणी मांजर पाळायचं, कुणी नाच शिकायचं, कुणाचा पत्त्यांचा डाव रंगायचा. नेक्स्ट जनरेशनचे सात सीझनमध्ये १७८ भाग. डिस्कव्हरीचेही २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं, पाच सीझन, आणि भाग ६५. शेवटच्या सीझनला फक्त दहा. त्या दहांत विश्व वाचवायचं असतं, तेही दर सीझनला. मग पुलावरच्या डेटमर आणि ओवोसेकुन यांच्याशी कधी बोलणार? पाच सीझन त्या दोघींचे चेहरे बघितले, पण त्या जेवायला कुणाबरोबर बसतात ते मी सांगू शकणार नाही.

नुसते भाग जास्त असून भागत नाही, हेही खरं. 'व्हॉयेजर'ला १७२ भाग मिळाले. यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर, परतायला ७५ वर्षं, केवढी जबरदस्त कल्पना! आणि दर आठवड्याला यान पुन्हा चकचकीत. मागच्या भागातला ओरखडाही शिल्लक नाही. तरी जेनवे कप्तान होती म्हणून मी ती सोडली नाही. बाईला हुकूम देताना आणि तो सगळ्यांनी पाळताना बघणं ही त्या काळात माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. 'एंटरप्राइज'चा २००५ मधला शेवटचा भाग मात्र मी अजून माफ केलेला नाही. चार वर्षं त्या माणसांनी राबायचं आणि निरोपाच्या दिवशी गोष्ट कुणाची, तर नेक्स्ट जनरेशनमधल्या पिकार्डच्या उजव्या हाताची, रायकरची! धाकटीचं लग्न आणि मांडवात सत्कार थोरल्या जावयाचा, असा प्रकार.

म्हाताऱ्या पिकार्डवरच्या 'पिकार्ड' या मालिकेचा तिसरा सीझन २०२३ मध्ये आला. जुनी सगळी मंडळी परत. जुन्या यानाचा पूल हुबेहूब पुन्हा बांधला होता, आणि संगणक पूर्वीसारखाच मॅजेल बॅरेट या नटीच्या आवाजात बोलला, त्या जाऊन पंधरा वर्षं होत आली होती. पिकार्ड म्हणतो, सगळ्यात जास्त आठवण कशाची आली असेल, तर या गालिच्याची. मी हमसून रडले. लेक बाजूला होती, तिला कळेना मला काय झालं. तिच्यासाठी तो नुसता गालिचा होता. आणि ती रात्र गेल्यावर मला जरा अस्वस्थ वाटायला लागलं. मला माझीच आठवण वेष्टनात बांधून परत दिली होती. सुंदर बांधली होती, मी ती घेतली, पण तिच्यात नवं माणूस कोण होतं? ज्या मुलीकडे ती आठवण नाही, तिला त्या घरात बसायला जागा कुठे होती? एरियमसाठी कोरडी राहिलेली मी गालिच्यासाठी रडले, यातला फरक सगळा माझ्या तीस वर्षांनी भरून काढलेला होता.

एक गोष्ट मात्र ठामपणे लिहायची आहे. डिस्कव्हरीवरच्या रागात एक घाणेरडा भाग होता आणि आहे. नायिका काळी आहे, बाई आहे, एवढ्यावरून सोनेक्वा मार्टिन-ग्रीनवर तुटून पडलेली माणसं मी पाहिली आहेत, 'आम्ही मूळ स्टार ट्रेकचे चाहते' म्हणवून घेणारी. १९६६ मध्ये त्या पुलावर काळी उहुरा बसली होती, आशियाई सुलू बसला होता. या लोकांनी मूळ मालिकेत नेमकं काय बघितलं? मी घाईबद्दल बोलते तेव्हा मला यांच्या रांगेत उभं करू नका.

तर त्या भांडणानंतर आम्ही मायलेकींनी ठरवलं. दर रविवारी सकाळी तिने डीप स्पेस नाइनचे दोन भाग बघायचे आणि मी डिस्कव्हरीचे दोन. चौथा सीझन मी बघितलाच नव्हता. तो यायच्या तोंडावर मालिका एका ओटीटीवरून रातोरात गायब झाली आणि मीही मग शोधाशोध केली नाही. आता बघितला आणि लेकीला शब्द दिल्याप्रमाणे इथे लिहिते, की त्याचा शेवट अस्सल आहे. आकाशगंगेबाहेर राहणारे प्रचंड जीव ग्रहच्या ग्रह नष्ट करतायत, आणि आपली माणसं त्यांच्यावर तोफा डागत बसत नाहीत. त्यांची भाषा शिकतात. रेणूंमधून भावना आणि दिव्यांमधून शब्द, असं जुळवत जुळवत बोलतात. साताऱ्याच्या त्या टीव्हीवर मी ज्याच्यावर भाळले होते ते हेच. लेक माझ्या तोंडाकडेच बघत होती.

परवाच्या रविवारी तिची पाळी 'ड्युएट'ची होती. १९९३ चा भाग. पैसे वाचवायला केलेला, बराचसा एका कोठडीत घडणारा. आत एक कार्डेशियन कैदी, म्हणजे कीराच्या ग्रहावर राज्य केलेल्यांपैकी एक, बाहेर त्यांच्या छळछावण्यांविरुद्ध लढलेली स्थानकावरची अधिकारी कीरा. तो छावणीचा क्रूरकर्मा अधिकारी असल्याचं सांगतो, फुशारक्या मारतो. मग हळूहळू उलगडतं की तो तिथला साधा कारकून होता. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कानांवर हात दाबून बसणारा. आपल्या देशाला गुन्हा कबूल करावा लागावा म्हणून तो दुसऱ्याच्या नावावर फासावर जायला आलाय. हॅरिस युलिन हा नट त्या कबुलीजबाबात असा कोसळतो, की माझी पाचवी वेळ असूनही मी कप खाली ठेवला.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला किती वेळ बोलू दिलं ना."

मी उठून पोहे टाकायला गेले. मागून आवाज आला, "आई, त्या ओब्रायनचं पुढे काय होतं गं? नको, सांगू नकोस."